एकही पोर्ट न उघडता घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याची रीत

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर इमिच बसवून घरातले फोटो, जेलीफिन बसवून चित्रपट आणि पेपरलेस बसवून सातबारा, फेरफार, पीकविम्याच्या पावत्या असे सगळे घरीच ठेवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. डॉकर (प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात बसवून चालवणारे साधन) थोडाफार समजला की ते काम एका रविवारात उरकते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. घरातल्या वायफायवर सुरळीत चालणारी ही ॲप्स पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीला, किंवा तहसील कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या वडिलांना, स्वतःच्या फोनवर सुरक्षितपणे कशी उघडता येतील, हा प्रश्न उरतो. यावर सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय म्हणजे राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्ड करणे, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या जोडणीसाठी राउटरमध्ये एक दार (पोर्ट) उघडून ती थेट सर्व्हरकडे वळवणे. तो उपाय नवख्या माणसाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या चार-पाच माणसांनाच वापरायच्या ॲपसाठी पोर्ट उघडण्याची गरज जवळजवळ कधीच नसते, आणि आपल्याकडच्या अनेक जोडण्यांवर ते शक्यही नसते.

आपल्यासारख्या साध्या घराकडे कोण कशाला पाहील, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. इंटरनेटवर पोर्ट शोधणारी माणसे नसतात, यंत्रे असतात, आणि ती पत्ता कोणाचा आहे हे पाहत नाहीत. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन तयार केले. चांगल्या जोडणीवरून त्याने संपूर्ण आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) इंटरनेटवरील एखादा पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून होत असे. २०१६ मधील मिराई या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीने) कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर याच पद्धतीने गोळा केले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघडी ठेवलेली क्यूनॅपची घरगुती साठवण यंत्रे कुलूपबंद केली. त्यात अडकलेले बहुतेक लोक कोणाच्या डोळ्यावर आलेले नव्हते. त्यांचे यंत्र बाहेरून दिसत होते, एवढेच कारण पुरेसे ठरले.

आधी स्वतःचा पत्ता ओळखा

कामाला लागण्यापूर्वी आपल्या घराला इंटरनेटवर स्वतंत्र पत्ता आहे की नाही, हे पाहून घ्यावे. राउटरच्या व्यवस्थापन पानावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) जाऊन वॅन (बाहेरची जोडणी) या शीर्षकाखाली दिसणारा आयपी पत्ता कागदावर लिहावा, आणि मग त्याच वायफायवरून ‘माझा आयपी’ दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडून तिथला आयपीव्ही४ पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर आपल्याकडे सार्वजनिक पत्ता आहे. ते वेगळे असतील, आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर आपण सेवादात्याच्या सामाईक पत्त्यामागे आहोत. याला सीजीनॅट म्हणतात. खेड्यातल्या बऱ्याच घरांची टपाले ‘द्वारा अमुक किराणा दुकान’ अशा एकाच पत्त्यावर येतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की या दुकानदाराला न मागता आलेले पत्र कोणाच्या घरी द्यायचे हे ठाऊक नसते, म्हणून तो ते टाकून देतो. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करण्याची कितीही खटपट केली तरी बाहेरून काहीच उघडत नाही. १००.६४ चा हा टप्पा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला, कारण आयपीव्ही४ चे सुमारे ४३० कोटी पत्ते जगाला पुरेनासे झाले होते.

काही सेवादाते जादा शुल्क घेऊन स्थिर पत्ता देतात. मात्र पुढे सांगितलेल्या रीतीला त्याची आवश्यकता नाही, त्यामुळे तो खर्च तूर्त टाळावा.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीकडे मात्र लक्ष हवे. आपल्याकडच्या अनेक जोडण्यांवर घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपीव्ही६ चा स्वतंत्र, जगभरातून गाठता येण्याजोगा पत्ता मिळतो. अशा वेळी आपले रक्षण सीजीनॅट करत नाही, ते राउटरमधील आयपीव्ही६ फायरवॉलवर अवलंबून राहते. ती चालू आहे आणि बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवते आहे, याची खात्री राउटरच्या पानावर करून घ्यावी. पुष्कळ जण आयपीव्ही४ ची सारी काळजी घेतात आणि ही बाजू मोकळी सोडतात.

राउटर आणि यंत्राची तयारी

फायबर जोडायला आलेला मुलगा घाईत असतो आणि राउटरचा व्यवस्थापन पासवर्ड बहुधा ‘ॲडमिन’ असाच ठेवून जातो. तो प्रथम बदलावा. त्याच पानावर यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडण्याची सोय) बंद करावे. यूपीएनपी चालू असेल तर घरातले कोणतेही स्वस्त यंत्र आपल्याला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेऊ शकते. दूरस्थ व्यवस्थापनाचा पर्याय दिसला तर तोही बंद करावा. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय चालवण्याची सोय असेल, तर सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट टीव्ही आणि तत्सम उपकरणे त्यावर टाकून सर्व्हरपासून दूर ठेवलेली बरी.

सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटूची दीर्घकाळ सुधारणा मिळणारी आवृत्ती ठेवावी आणि सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसतील अशी व्यवस्था चालू करावी. टर्मिनलने दुरून काम करण्यासाठी एसएसएच वापरत असाल, तर ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करून तिनेच प्रवेश होईल असे करावे आणि पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा. हा बदल करताना आधीची टर्मिनलची खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येते का, ते पाहावे. नाहीतर स्वतःच्याच यंत्राबाहेर उभे राहण्याची पाळी येते आणि मग पडदा-कीबोर्ड शोधावा लागतो.

यंत्राच्या निवडीबद्दल जास्त लिहीत नाही, पण मराठवाड्यात दोन गोष्टींचा विचार टाळता येत नाही: वीज आणि उन्हाळा. सर्व्हर इन्व्हर्टरवर आहे, पण राउटर आणि फायबरची पेटी साध्या बोर्डावर आहे, असे अनेक घरांत दिसते. वीज गेली की सर्व्हर चालू राहतो आणि बाहेरचे सगळे मात्र तो बंद पडला असे समजतात. तिन्ही एकाच आधारावर घ्यावीत. जुन्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा. रास्पबेरी पाय वीज मिळताच स्वतःहून सुरू होतो. लॅपटॉपची बॅटरी आयतीच यूपीएसचे काम करते, परंतु मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा बंद कपाटात सदैव शंभर टक्के भरून ठेवलेली बॅटरी फुगण्याचा धोका असतो. म्हणून लॅपटॉपमध्ये चार्जिंगची मर्यादा ठरवता येत असेल तर ती ६० ते ८० टक्क्यांवर ठेवावी आणि यंत्र हवेशीर जागी मांडावे.

बोगदा: मुख्य काम

आता गाभ्याकडे वळू. पोर्ट उघडायचा नाही म्हणजे बाहेरच्याने आत यायचे नाही. त्याऐवजी घरातला सर्व्हर आणि आपला फोन या दोघांनीही आपापल्या बाजूने बाहेर जाऊन एकमेकांना गाठायचे आणि आपसांत सांकेतिक, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला, बोगदा तयार करायचा. बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नाही, त्यामुळे परभणीतल्या सामाईक पत्त्यामागचा सर्व्हर आणि पुण्यातल्या मोबाइल डेटावरचा फोन यांची गाठ पडू शकते.

यामागचे तंत्र म्हणजे वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा आटोपशीर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारे खासगी जाळे) मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या गाभ्यात (कर्नलमध्ये) समाविष्ट झाला. त्यात प्रत्येक यंत्राची एक खासगी आणि एक सार्वजनिक किल्ली असते, आणि ज्याची सार्वजनिक किल्ली आपल्या यादीत नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. नुसते वायरगार्ड मांडायचे तर किल्ल्यांची देवाणघेवाण हाताने करावी लागते आणि निदान एका बाजूला सार्वजनिक पत्ता लागतो. हे दोन्ही त्रास टेलस्केल ही सेवा काढून टाकते, म्हणून नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. व्यक्तिगत वापरासाठी तिची मोफत योजना आहे.

क्रम असा आहे. प्रथम टेलस्केलच्या संकेतस्थळावर गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल किंवा गिटहब यांपैकी एखाद्या खात्याने प्रवेश करावा. हे खाते निवडताना घाई करू नये, कारण यापुढे घरच्या सर्व्हरची सर्वात मोठी किल्ली हेच खाते असणार आहे. त्याला दुहेरी पडताळणी लावलेली नसेल आणि पासवर्ड मोबाइल क्रमांकाचाच असेल, तर बाकीच्या साऱ्या काळजीला अर्थ उरत नाही. मग सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये, संकेतस्थळावर लिनक्ससाठी दिलेली एका ओळीची आज्ञा चालवून टेलस्केल बसवावे आणि ‘सुडो टेलस्केल अप’ ही आज्ञा द्यावी. पडद्यावर एक दुवा येतो, तो ब्राउझरमध्ये उघडून त्याच खात्याने संमती दिली की सर्व्हर आपल्या खासगी जाळ्यात दाखल होतो. त्यानंतर फोनवर टेलस्केलचे ॲप घेऊन तसाच प्रवेश करावा.

प्रत्येक यंत्राला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. इथे नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण राउटरच्या पानावर दिसलेला सीजीनॅटचा पत्ताही १०० नेच सुरू होणारा असू शकतो. टेलस्केल तोच राखीव टप्पा वापरते, पण हा पत्ता फक्त आपल्या जाळ्यापुरता असतो आणि सेवादात्याच्या पत्त्याशी त्याचा काही संबंध नसतो.

आता फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, ब्राउझरमध्ये सर्व्हरचा तो पत्ता आणि त्यापुढे विसर्ग चिन्हासारखे दोन ठिपके देऊन ॲपचा पोर्ट लिहावा. जेलीफिनसाठी तो ८०९६, इमिचसाठी २२८३, घरातली उपकरणे चालवणाऱ्या होम असिस्टंटसाठी ८१२३ असा असतो. पान उघडले तर बोगदा तयार झाला. ‘टेलस्केल स्टेटस’ या आज्ञेने जोडणी थेट होते आहे की मधल्या रिले केंद्रातून, हे कळते. रिलेतून जात असेल तर वेग कमी मिळतो, पण मजकूर तेव्हाही सांकेतिकच राहतो आणि रिले चालवणाऱ्याला तो वाचता येत नाही.

दोन सेटिंग लगेच करून टाकाव्यात. टेलस्केलमध्ये यंत्राची किल्ली ठरावीक मुदतीनंतर, मुळात १८० दिवसांनी, बाद होते आणि पुन्हा प्रवेश करावा लागतो. फोनसाठी ही मुदत चांगलीच आहे, परंतु आपण गावाबाहेर असताना सर्व्हरची किल्ली बाद झाली तर घरातल्यांना फोनवरून टर्मिनल शिकवत बसावे लागेल. म्हणून व्यवस्थापन पानावर केवळ सर्व्हरपुरती ही मुदत बंद करावी. दुसरे असे की, नव्या जाळ्यात सुरुवातीला प्रत्येक यंत्र दुसऱ्या प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचू शकते. घरच्यांपुरते ते चालेल, पण मामेभावाला फक्त चित्रपट पाहायचे असतील तर त्याला आपल्या जाळ्यात घेण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या टेलस्केल खात्याशी तेवढे एक यंत्र वाटून द्यावे आणि प्रवेशनियमांत त्याला जेलीफिनचाच पोर्ट मोकळा ठेवावा.

व्हीपीएन हा शब्द ऐकून काही जण कायद्याची शंका काढतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांतील व्हीपीएनविषयक भागाचा रोख सर्वसामान्य ग्राहकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांवर होता. स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या घरातल्या यंत्राशी जोडणे हा वेगळा विषय आहे.

नाव आणि कुलूप

आकड्यांचा पत्ता आई-वडिलांना लक्षात राहणार नाही आणि त्यांनी तो लक्षात ठेवावा अशी अपेक्षाही करू नये. शिवाय व्हॉल्टवॉर्डनसारखा पासवर्डचा साठा एचटीटीपीएस असल्याशिवाय ब्राउझरमध्ये नीट चालतच नाही. टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर मॅजिकडीएनएस (यंत्रांना नावे देणारी सोय) आणि एचटीटीपीएस प्रमाणपत्रे हे दोन्ही पर्याय चालू केले की सर्व्हरला नाव मिळते आणि त्या नावासाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र घेता येते. मग ‘टेलस्केल सर्व्ह’ या आज्ञेला ॲपचा पोर्ट सांगितला, आणि पार्श्वभूमीत चालू राहण्याचा पर्याय दिला, की ते ॲप त्या नावावर कुलपासह उघडू लागते. एकाहून अधिक ॲप असतील तर इमिच ४४३ वर, जेलीफिन ८४४३ वर अशी वाटणी करता येते. याच आज्ञेची जुळी आज्ञा ‘टेलस्केल फनेल’ आहे. ती तेच ॲप साऱ्या जगासाठी खुले करते, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये.

सर्व्हरचे नाव ठेवताना थोडा विचार करावा. अशी प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत नोंदवली जातात आणि ती नोंदवही कोणालाही वाचता येते. त्यामुळे सर्व्हरला आडनाव, गल्ली किंवा गावाचे नाव देऊ नये. ‘कडुनिंब’ किंवा ‘पारवा’ असे काहीही चालेल.

या टप्प्यावर काही ॲप्स रुसतात. होम असिस्टंटपुढे ‘टेलस्केल सर्व्ह’सारखा मध्यस्थ उभा राहिला की ते ४०० क्रमांकाचा (चुकीच्या विनंतीचा) दोष दाखवते. त्याच्या मांडणीत विश्वासू मध्यस्थ म्हणून १२७.०.०.१ हा पत्ता नोंदवावा लागतो, आणि होम असिस्टंट डॉकरच्या वेगळ्या अंतर्गत जाळ्यात चालत असेल तर त्या जाळ्याचा पत्ता. फाइली साठवणारे नेक्स्टक्लाउड अविश्वासू डोमेनची तक्रार करते, तिथे विश्वासू डोमेनच्या यादीत नवे नाव वाढवावे. दोन्ही दोष सुरक्षेचे आहेत, बिघाडाचे नव्हेत.

डॉकर आणि फायरवॉलची गफलत

सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावून सगळे पोर्ट बंद केले, तरी डॉकरने प्रसिद्ध केलेले पोर्ट घरातल्या जाळ्यात उघडेच राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डॉकर स्वतःचे नियम थेट गाभ्याच्या फायरवॉलमध्ये लिहितो आणि यूएफडब्ल्यूचे नियम त्याच्या रहदारीला लागूच होत नाहीत. यावरचा साधा उपाय असा की कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या मांडणीच्या फाइलमध्ये) पोर्ट लिहिताना त्यापुढे १२७.०.०.१ हा पत्ता जोडावा. म्हणजे ते ॲप फक्त त्याच यंत्रातून गाठता येते आणि बाहेर नेण्याचे काम ‘टेलस्केल सर्व्ह’ करते. मग घरातल्या वायफायवर आलेल्या पाहुण्याच्या फोनलाही ॲप दिसत नाही. घरातल्यांना मात्र तेच नाव घरातही चालते, आणि फोन व सर्व्हर एकाच वायफायवर असतील तर बहुधा माहिती घरातल्या घरात थेट जाते, इंटरनेटला वळसा घालत नाही. हा बदल केल्यावर आकड्यांचा पत्ता आणि पोर्ट वापरून ॲप उघडणार नाही, हे अपेक्षितच आहे.

बोगदा आहे म्हणून ॲपचे पासवर्ड ढिले ठेवू नयेत. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, व्यवस्थापकाचे खाते रोजच्या वापरात घेऊ नये, आणि व्हॉल्टवॉर्डनमध्ये घरच्यांची खाती तयार झाल्याबरोबर नवी नोंदणी बंद करावी. नेक्स्टक्लाउड आणि होम असिस्टंटमध्ये दुहेरी पडताळणीची सोय आहे, ती वापरावी. सुधारणाही वेळेवर बसवाव्यात. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत झालेल्या मोठ्या चोरीची एक वाट तिच्या अभियंत्याच्या घरच्या संगणकातून गेली होती, आणि तिथे कारण ठरलेल्या, प्लेक्स या चित्रपटांच्या सर्व्हरमधील दोषाची दुरुस्ती २०२० मध्येच उपलब्ध झालेली होती. इमिचसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या ॲपची नवी आवृत्ती घेण्याआधी मात्र तिच्याबरोबरची टिपणे वाचावीत आणि बॅकअप घ्यावा. बॅकअपची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर का होईना, असलीच पाहिजे. तीही याच बोगद्यातून रेस्टिक किंवा बॉर्ग या बॅकअप साधनांनी पाठवता येते.

घरच्यांचे फोन

प्रत्येकाच्या फोनवर टेलस्केल बसवून, इमिच किंवा जेलीफिनच्या ॲपमध्ये सर्व्हरचे नाव एकदाच भरून द्यावे. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे ज्यांच्या फोनवर कार्यालयाचा व्हीपीएन आहे त्यांना तो बंद करून हा चालू करावा लागेल. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स बंद करून टाकतात. अशा फोनवर टेलस्केलला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे आणि व्हीपीएन नेहमी चालू ठेवण्याचा पर्याय निवडावा. त्याखालीच ‘व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा’ असा दुसरा पर्याय असतो. तो चालू करू नये, नाहीतर आप्पांचे व्हॉट्सॲपही बंद पडेल आणि त्यांचा या साऱ्या उद्योगावरचा विश्वास त्याच दिवशी उडेल. एरवी फोनची बाकीची रहदारी या बोगद्यातून जातच नाही, फक्त सर्व्हरकडे जाणारी जाते, त्यामुळे यूट्यूब हळू झाल्याचा दोष त्याला देता येणार नाही.

परक्यांना दाखवायचे असेल तर

लग्नपत्रिकेचे पान, दुकानाची दरपत्रिका, गणेश मंडळाचा फोटोसंग्रह अशी एखादी गोष्ट टेलस्केल नसलेल्या लोकांनाही दिसायला हवी असते. तेवढ्यापुरता क्लाउडफ्लेअर टनेल हा मार्ग आहे. त्यासाठी स्वतःचे डोमेन विकत घेऊन क्लाउडफ्लेअरकडे जोडावे लागते आणि सर्व्हरवर क्लाउडफ्लेअर्ड हा छोटा प्रोग्राम चालवावा लागतो. तोही आतून बाहेर जोडतो, म्हणून सीजीनॅट आड येत नाही आणि पोर्टही उघडत नाही. पान मोजक्याच लोकांसाठी असेल तर क्लाउडफ्लेअर ॲक्सेस लावून ईमेलवर आलेला संकेतांक दिल्यावरच ते उघडेल, असे करता येते.

परंतु यात सांकेतिक रहदारी क्लाउडफ्लेअरच्या यंत्रांवर उलगडली जाते आणि मग पुढे पाठवली जाते, म्हणजे तिथे ती वाचता येण्याजोगी असते. टेलस्केलच्या बोगद्यात तसे होत नाही. मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढवता येत नाही, त्यामुळे इमिचमध्ये लग्नाचे लांब व्हिडिओ या वाटेने जाणारच नाहीत, आणि चित्रपट पाहण्यासाठी ही सेवा योजलेलीही नाही. सातबारा, बँकेची कागदपत्रे आणि घरचे फोटो यांना या वाटेपासून दूर ठेवावे.

कंपनीवर अवलंबून राहायचे नसेल तर

टेलस्केलमध्ये खासगी किल्ल्या आपल्या यंत्राबाहेर जात नाहीत, तरी कोणते यंत्र जाळ्यात आहे याची नोंद त्या कंपनीकडे असते. ज्यांना हे खटकते त्यांनी थोडा अनुभव आल्यावर दोन गोष्टींकडे पाहावे. एक म्हणजे हेडस्केल, जे टेलस्केलच्या मध्यवर्ती नोंदणीचे काम आपल्या स्वतःच्या यंत्रावर करते. दुसरी म्हणजे निव्वळ वायरगार्ड. सार्वजनिक पत्ता असेल तर यूडीपीचा ५१८२० हा एकच पोर्ट फॉरवर्ड करावा लागतो; किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तर देत नसल्यामुळे हा पोर्ट शोधणाऱ्या यंत्रांना सहसा दिसतही नाही, आणि पोर्ट उघडू नये या माझ्या आग्रहाला असलेला हा एकमेव अपवाद आहे. सीजीनॅटमागे असाल तर मुंबईतल्या एखाद्या केंद्रातला लहानसा आभासी सर्व्हर भाड्याने घ्यावा, घरच्या आणि बाहेरच्या सर्व यंत्रांनी त्याला जोडावे, आणि घरच्या बाजूला दर २५ सेकंदांनी जिवंतपणाचा इशारा पाठवण्याची सेटिंग ठेवावी, म्हणजे मधला सीजीनॅट ही जोडणी विसरत नाही.

वायरगार्डने घरातले संपूर्ण जाळे गाठायचे असेल तर घरचा १९२.१६८.१ हा टप्पा बदलून काहीतरी वेगळा, समजा १९२.१६८.५७, ठेवावा. मुलाच्या वसतिगृहातही १९२.१६८.१ च असण्याची शक्यता दाट असते, आणि मग फोनला घरचा पत्ता कोणता व तिथला कोणता हे कळत नाही.

तपासणी, आणि फोन हरवला तर

सगळे चालू झाल्यावर, आणि त्यानंतर राउटर बदलला किंवा सेवादाता बदलला की प्रत्येक वेळी, बाहेरून तपासणी करावी. फोन मोबाइल डेटावर ठेवून टेलस्केल बंद करावे आणि ॲपचे नाव उघडून पाहावे. ते उघडता कामा नये. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता असेल तर बाहेरच्या जोडणीवरून एनमॅप या पोर्ट शोधणाऱ्या साधनाने तो तपासावा. आयपीव्ही६ असेल तर सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता घेऊन तीच तपासणी पुन्हा करावी, आणि एकही पोर्ट उघडा दिसला तरी राउटरच्या फायरवॉलकडे परत जावे.

घरातल्या कोणाचा फोन बसस्थानकावर किंवा बाजारात हरवला, तर नव्या सिमच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून टेलस्केलचे व्यवस्थापन पान उघडून तो फोन यादीतून काढून टाकावा. त्यापाठोपाठ ज्या गुगल किंवा अन्य खात्याने प्रवेश केला होता, त्याची त्या फोनवरची सत्रे बंद करावीत, आणि इमिच, नेक्स्टक्लाउड अशा ॲपमध्ये त्या व्यक्तीचा पासवर्ड बदलून जुनी सत्रे रद्द करावीत. या क्रमाने काम करता यावे म्हणून व्यवस्थापन पानाचा पत्ता आणि दुहेरी पडताळणीचे राखीव संकेतांक कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावेत, कारण पडताळणीचे ॲप बहुधा त्या हरवलेल्या फोनमध्येच असते.